जिमी कार्टर : खुर्ची गेल्यानंतरची ४४ वर्षं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेचे ३९वे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी गेले. व्हाइट हाउसमध्ये ते चारच वर्षं होते. बाहेर पडल्यावर मात्र त्यांनी जे केलं, त्याबद्दल मराठी वाचक अजूनही विचारत असतात. कधी कौतुकानं, कधी "एवढं काय त्यात?" अशा सुरात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. अध्यक्षपदाच्या काळातलं राजकारण जिथे टाळता येत नाही तिथेच येईल.

कार्टर किती काळ 'माजी' होते?

२० जानेवारी १९८१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे ४४ वर्षांना जेमतेम महिना कमी. त्यांच्या आधी हा विक्रम हर्बर्ट हूव्हर यांच्याकडे होता, साडेएकतीस वर्षांचा. कार्टर यांनी तो २०१२ मध्येच मोडला. वयाची शंभरी गाठणारेही ते पहिलेच अमेरिकी अध्यक्ष.

पद सोडलं तेव्हा त्यांची अवस्था काय होती?

वाईट. १९८०च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी ४४ राज्यं जिंकली. कार्टर यांच्या पदरात सहा राज्यं आणि राजधानीचा जिल्हा. तेहरानच्या दूतावासातले ५२ अमेरिकी ओलीस ४४४ दिवस इराणच्या ताब्यात होते आणि त्यांच्या सुटकेच्या वाटाघाटींसाठी कार्टर शेवटच्या दोन रात्री धड झोपलेही नव्हते. विमान सुटलं ते रेगन यांनी शपथ घेतल्यावर काही मिनिटांनी. इराणनं मुद्दाम केलं असंच बहुतेकांचं मत आहे. दुसऱ्या दिवशी कार्टर पश्चिम जर्मनीत विस्बाडेनला जाऊन सुटलेल्या लोकांना भेटले, पण तेव्हा ते कुणीच नव्हते, नव्या सरकारच्या विनंतीवरून गेलेले एक माजी अध्यक्ष होते.

वय ५६. पक्षातही कुणी फारसं विचारत नव्हतं. पुढच्या निवडणुकांत डेमोक्रॅट उमेदवार त्यांच्याबरोबर एका व्यासपीठावर दिसायला कचरत.

त्यांचा शेंगदाण्याचा धंदा होता ना? मग घरी परतल्यावर कर्ज कसं?

धंदा होता, आणि चांगला चालायचा. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या गावात त्यांची भुईमुगाची वखार होती. अध्यक्ष झाल्यावर हितसंबंधांचा आरोप नको म्हणून त्यांनी सगळा कारभार विश्वस्तांच्या हाती दिला आणि स्वतः हिशेबाकडे बघायचंही बंद केलं. चार वर्षांत दुष्काळ पडला, व्यवस्थापन ढिलं झालं, आणि परत आले तेव्हा डोक्यावर सुमारे दहा लाख डॉलरचं कर्ज. जमीन जाते की काय अशी धास्ती होती. शेवटी वखार एका मोठ्या धान्य कंपनीला विकली आणि जमीन वाचवली.

माजी राष्ट्राध्यक्षाला सरकार काय देतं?

१९५८ पर्यंत काहीही देत नव्हतं. माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांची पैशांची ओढाताण बघून मग माजी अध्यक्षांसाठी कायदा झाला. त्यानुसार केंद्रीय मंत्र्याच्या पगाराइतकं निवृत्तिवेतन, कार्यालय, थोडा कर्मचारीवर्ग आणि टपालखर्च मिळतो. सीक्रेट सर्व्हिसचं संरक्षण वेगळं. आपल्याकडे माजी राष्ट्रपतींना १९५१च्या कायद्यानं पगाराच्या निम्मं निवृत्तिवेतन आणि राहायला सरकारी बंगला मिळतो. अमेरिकेत बंगल्याची सोय नाही, ज्यानं त्यानं आपल्या घरी जायचं.

एक गंमत म्हणजे संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना निवृत्तीनंतर मिळणारा आरोग्य विमा कार्टर यांना मिळाला नाही. त्यासाठी पाच वर्षांची नोकरी लागते, यांची भरली चार. एमरी विद्यापीठात ते शिकवायचे, त्या नोकरीतून त्यांचा विमा होता.

मग पैसे कुठून आले?

मुख्यतः पुस्तकांतून. तीसहून अधिक पुस्तकं त्यांनी लिहिली : आठवणी, धर्म, म्हातारपण, मासेमारी, कविता, आणि २००३ मध्ये एक कादंबरीसुद्धा. अमेरिकेच्या अध्यक्षानं लिहून प्रसिद्ध केलेली ती पहिलीच कादंबरी. स्वतःची पुस्तकं स्वतःच्या आवाजात वाचून त्यांनी ग्रॅमी पुरस्कारही मिळवले. शेवटचा मृत्यूनंतर जाहीर झाला.

कंपन्यांच्या संचालक मंडळावर बसणं आणि लाखालाखांची भाषणं देणं त्यांनी टाळलं. जे तसं करतात त्यांना दोष देत नाही, पण श्रीमंत व्हायची आपली इच्छाच नव्हती, एवढंच ते म्हणायचे. याला साधुत्व म्हणून मखरात बसवायचं कारण नाही. पुस्तकांचं मानधन भरपूर होतं, आणि प्लेन्समध्ये खर्च करायला जागाच कुठे आहे!

कार्टर सेंटर म्हणजे त्यांचं स्मारक का?

स्मारक वेगळं, सेंटर वेगळं. अमेरिकेत प्रत्येक अध्यक्षाच्या नावानं कागदपत्रांचं ग्रंथालय उभारायची प्रथा आहे. कार्टर यांचं ग्रंथालय अटलांटात १९८६ मध्ये उघडलं. त्याच्या आवारात असलेलं कार्टर सेंटर ही स्वतंत्र संस्था, १९८२ मध्ये एमरी विद्यापीठाच्या सोबतीनं काढलेली. भांडणाऱ्या देशांना एकत्र बसवायचं, कार्टर यांनी अध्यक्ष असताना इजिप्त-इस्रायलचा समझोता जिथे घडवला त्या कॅम्प डेव्हिडसारखी मिनी जागा करायची, हा मूळ विचार. पण संस्थेचं नाव झालं ते आरोग्याच्या कामामुळे, आणि त्यातही एका किड्यामुळे.

नारू आणि कार्टर यांचा काय संबंध?

ज्यांचं बालपण साठ-सत्तरच्या दशकात विहिरीवरच्या पाण्यावर गेलं त्यांना नारू माहीत असतो. तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. साचलेल्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारा सायक्लॉप्स नावाचा जीव असतो. त्याच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. ते पाणी न गाळता प्यालं की अळ्या माणसाच्या शरीरात जातात. वर्षभर काहीच कळत नाही. मग पायावर भाजल्यासारखा फोड येतो, फुटतो, आणि त्यातून शेवयीसारखा पांढरा किडा डोकं बाहेर काढतो. लांबी दोन ते तीन फूट. ओढून काढावा तर आत तुटतो आणि जखम चिघळते. म्हणून काडीला गुंडाळून रोज बोटभर बाहेर काढायचा, कधी आठवडाभर तर कधी महिना. आग इतकी होते की माणूस पाय थंड पाण्यात बुडवतो. तेवढ्यात किडा हजारो अळ्या पाण्यात सोडतो आणि चक्र पुन्हा सुरू.

यावर औषध नाही, लसही नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. उपाय एकच : पाणी गाळून प्या आणि नारू झालेल्यानं पाण्यात उतरू नये.

१९८६ मध्ये कार्टर सेंटरनं हे काम हाती घेतलं तेव्हा आफ्रिका आणि आशियातल्या २१ देशांत वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत होता. १९८८ मध्ये कार्टर घानातल्या गावांत गेले. तिथला प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. एका तरुण बाईच्या हातात बाळ आहे असं वाटून ते नाव विचारायला जवळ गेले. बाळ नव्हतंच. सुजून मोठा झालेला स्वतःचा स्तन तिनं हातांवर पेलून धरला होता आणि त्यातून नारू बाहेर येत होता.

या कामात माजी अध्यक्ष असण्याचा उपयोग कुठे झाला हे बघण्यासारखं आहे. रोग्याच्या पायातला किडा काढायला राष्ट्राध्यक्ष लागत नाही. पण गावोगावी स्वयंसेवक नेमायला, दर महिन्याला आकडे गोळा करायला आरोग्यमंत्र्याला कोण सांगणार? कार्टर थेट त्या देशाच्या प्रमुखाला भेटायचे. दोन शेजारी देशांचे आकडे समोर ठेवून "त्यांचे रुग्ण कमी झाले, तुमचे का नाही?" असं विचारायचे. गाळायचं बारीक नायलॉनचं कापड आणि पाण्यात टाकायचं अळीनाशक कंपन्यांकडून फुकट मिळवायचे. सतत फिरणाऱ्या गुराख्यांसाठी गळ्यात अडकवायची नळी निघाली, तिच्या टोकाला गाळणी बसवलेली, थेट डबक्यातून ओढून प्यायचं.

१९९५ मध्ये सुदानचं यादवी युद्ध चालू होतं. आरोग्यसेवकांना दक्षिणेत जाताच येत नव्हतं. कार्टर यांनी दोन्ही बाजूंना नारूच्या नावावर युद्ध थांबवायला लावलं आणि ते जवळपास सहा महिने थांबलं. राजकारणासाठी कुणी शस्त्र खाली ठेवत नव्हतं, किड्यासाठी ठेवलं.

भारतातला नारू कार्टर यांनी घालवला, हे खरं का?

नाही. समाजमाध्यमांवर असं फिरतं, पण ते आपल्याच लोकांवर अन्याय करणारं आहे. भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, कार्टर सेंटर यात पडायच्या आधी. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाला चाळीस हजारांच्या घरात रुग्ण होते. आपल्याकडे नारू पसरायचा मुख्यतः पायऱ्यांच्या विहिरींतून, कारण लोक पाण्यात उतरूनच घागर भरत. त्या विहिरी बंद करणं किंवा त्यांना रहाट बसवणं, हातपंप देणं, पाण्यात औषध टाकणं, घरोघरी फिरून रुग्ण शोधणं, ही कामं इथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी केली. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

उलट दिशेचा एक धागा मात्र आहे. कार्टर सेंटरचे सुरुवातीच्या काळातले कार्यकारी संचालक विल्यम फेगी हे भारतातल्या देवी निर्मूलनाच्या मोहिमेत काम केलेले डॉक्टर. रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवती कडं करायचं, हा धडा तिथून आला.

जगातून नारू संपला का?

अजून नाही. २०२४ मध्ये जगभरात १५ माणसांना झाला, चाड आणि दक्षिण सुदानमध्ये. २०१५ मध्ये कर्करोगाची बातमी सांगताना कार्टर यांनी आपल्या आधी शेवटचा नारू मरावा अशी इच्छा बोलून दाखवली होती. ती थोडक्यात हुकली. अडचण आता कुत्र्यांची आहे. चाडमध्ये कुत्र्यांनाही नारू होतो असं ध्यानात आल्यावर सगळी गणितं बदलली. माणसाला समजावता येतं, कुत्र्याला पाणी गाळून प्यायला कोण शिकवणार? आता नारू झालेला कुत्रा बांधून ठेवण्यासाठी मालकांना बक्षीस दिलं जातं.

ते खरंच घरं बांधायचे, की फोटोपुरतं?

खरंच बांधायचे. आधी एक गैरसमज : गरजूंसाठी घरं बांधणारी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था कार्टर यांनी काढलेली नाही. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्यानं ती १९७६ मध्ये प्लेन्सजवळच्याच अमेरिकस गावात काढली. कार्टर पती-पत्नी १९८४ मध्ये पहिल्यांदा मोठ्या कामावर गेले ते न्यूयॉर्कमधल्या एका पडक्या सहामजली इमारतीच्या दुरुस्तीला. जॉर्जियातून बसनं गेले, एका चर्चमध्ये इतर स्वयंसेवकांबरोबर बंकवर झोपले. माजी अध्यक्ष हातोडा घेऊन काम करतो हे छायाचित्र देशभर छापून आलं आणि संस्थेकडे लोक रांगा लावायला लागले. त्यानंतर दरवर्षी एक आठवडा. १४ देशांत मिळून चार हजारांवर घरं बांधली किंवा दुरुस्त केली गेली.

फोटोसाठी येणाऱ्यांवर कार्टर चिडायचे अशीच त्यांची ख्याती. कामाच्या वेळात सही नाही, गप्पा नाहीत. ते स्वतः चांगले सुतार होते. व्हाइट हाउस सोडताना सहकाऱ्यांनी निरोपाची भेट म्हणून सुतारकामाची हत्यारं दिली होती, आणि घरच्या खाटा-खुर्च्या ते त्यावरच करायचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये, ९५व्या वर्षी घरात पडून भुवईवर १४ टाके पडले. दुसऱ्या दिवशी काळानिळा डोळा घेऊन ते नॅशव्हिलच्या कामावर हजर.

घर फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवं. ज्याचं घर त्यानं स्वतः राबायचं आणि बिनव्याजी कर्ज फेडायचं, अशी पद्धत आहे. कार्टर यांना दानापेक्षा हीच गोष्ट आवडायची.

ते महाराष्ट्रात आले होते का?

हो, आणि इथेही घरं बांधायलाच. २००६ च्या दिवाळीनंतर लोणावळ्याजवळच्या पाटण गावात (साताऱ्याचं पाटण नव्हे, मळवलीच्या बाजूचं) आठवडाभराचा कार्यक्रम झाला. शंभर घरं, देशोदेशीचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक. तेव्हा पुण्यात मुक्कामाला असलेला ब्रॅड पिट एक दिवस तिथे विटा उचलायला आला आणि साहजिकच वर्तमानपत्रांत कार्टरपेक्षा तोच जास्त झळकला.

मुंबईशी त्यांचं नातं त्याहून जुनं आहे, आईमुळे. लिलियन कार्टर परिचारिका होत्या. नवऱ्याच्या निधनानंतर, वयाच्या ६८व्या वर्षी त्यांनी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेत नाव घातलं आणि १९६६ ते १९६८ अशी जवळपास दोन वर्षं विक्रोळीत काढली. तिथल्या गोदरेज वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं काम दिलं होतं. त्यात त्यांचं मन रमेना, म्हणून दवाखान्यात लागल्या. कुष्ठरोग्यांनाही हात लावून बघायच्या. त्यांची घरी पाठवलेली पत्रं पुढे पुस्तकरूपानं आली. सत्तरीच्या उंबरठ्यावरची बाई परक्या देशात जाऊन कामाला लागते हे घरात पाहिलेल्या माणसाला ५६व्या वर्षी निवृत्त व्हायचं सुचलं नाही, यात फारसं नवल वाटत नाही.

हरयाणातल्या कार्टरपुरीचं काय?

ते पदावर असतानाचं. ३ जानेवारी १९७८ रोजी ते गुडगावजवळच्या दौलतपूर नसीराबादला गेले आणि गावानं आपलं नाव बदलून कार्टरपुरी ठेवलं. २००२ मध्ये नोबेल मिळालं तेव्हाही गावात जल्लोष झाला.

पद नसताना दुसऱ्या देशांशी बोलणी करायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

कुणीच नाही. खासगी नागरिकानं परकी सरकारांशी वाटाघाटी करू नयेत असा १७९९चा एक कायदा अमेरिकेत आहे, पण त्याखाली आजवर कुणालाच शिक्षा झालेली नाही. कार्टर यांची पद्धत अशी : आमंत्रण मिळवायचं, व्हाइट हाउसला कळवायचं, आणि व्हाइट हाउसनं नाक मुरडलं तरी जायचं.

सर्वांत गाजलेलं उदाहरण उत्तर कोरियाचं. जून १९९४. अणुकार्यक्रमावरून क्लिंटन सरकार निर्बंध लादायच्या तयारीत होतं आणि दक्षिण कोरियात जादा सैन्य पाठवायचा निर्णय होऊ घातला होता. कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन पानमुंजोमची सीमा पायी ओलांडून प्याँगयाँगला गेले आणि तिथले सर्वोच्च नेते किम इल सुंग यांना भेटले. व्हाइट हाउसमध्ये सैन्याबद्दलचीच बैठक चालू असताना कार्टर यांचा फोन आला : किम अणुकार्यक्रम थांबवायला तयार आहेत, आणि हो, मी आता सीएनएनवर हे सांगणार आहे. बैठकीतले मंत्री आणि सेनाधिकारी उठून टीव्हीसमोर जाऊन बसले. आपल्या देशाचं धोरण आपल्याला बातम्यांतून कळतंय, याचा राग किती आला असेल ते वेगळं सांगायला नको.

किम तीन आठवड्यांत वारले. तरी ऑक्टोबरमध्ये करार झाला. पुढे २००२च्या सुमाराला तो कोलमडला. म्हणून "कार्टर यांनी युद्ध टाळलं" आणि "कार्टर फसले" अशी दोन्ही मतं आजही ऐकू येतात. माझ्या मते त्या जूनमध्ये तरी त्यांनी जाणं योग्य होतं. टीव्हीवर बोलणं नव्हतं. पण टीव्हीवर बोलले नसते तर वॉशिंग्टननं ते दडपलं असतं, हे त्यांचं गणितही चुकीचं म्हणता येत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात हैतीत लष्करशहाला सत्ता सोडायला लावायला ते कॉलिन पॉवेल आणि सिनेटर सॅम नन यांच्याबरोबर गेले, तेही क्लिंटन यांच्या संमतीनं. करार होत असताना अमेरिकी छत्रीधारी सैनिकांची विमानं आकाशात होती. ती अर्ध्या वाटेवरून परत फिरवावी लागली.

निवडणुकांवर देखरेख म्हणजे काय करायचे?

मतदान आणि मोजणी स्वतः बघायची, आणि घोळ दिसला तर जगाला सांगायचं. कार्टर सेंटरनं शंभरहून अधिक निवडणुका पाहिल्या आहेत. १९८९ मध्ये पनामात लष्करशहा नोरिएगाच्या माणसांनी मोजणीचे कागद बदलले तेव्हा कार्टर मोजणी केंद्रात चढून अधिकाऱ्यांना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारते झाले : तुम्ही प्रामाणिक आहात की चोर?

पुढच्याच वर्षी निकाराग्वा. तिथले अध्यक्ष डॅनिएल ओर्टेगा यांना हरण्याची कल्पनाही नव्हती आणि ते हरले. त्या रात्री कार्टर त्यांना भेटले. मीही निवडणूक हरलोय, त्यानं जग बुडत नाही, अशी समजूत काढली. शेजारी बसलेल्या रोझलिन म्हणाल्या की मला तर तेव्हा जग बुडाल्यासारखंच वाटलं होतं. ओर्टेगा यांनी हार मानली. (पुढे ते पुन्हा सत्तेवर आले.)

२००४ मध्ये व्हेनेझुएलात अध्यक्ष चावेझ यांच्या बाजूनं लागलेला सार्वमताचा निकाल सेंटरनं मान्य केला म्हणून विरोधकांनी टीकेची झोड उठवली. त्याच सेंटरनं जुलै २०२४ मध्ये तिथली निवडणूक लोकशाही म्हणता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

नंतरच्या अध्यक्षांशी त्यांचं जमायचं का?

बहुतेकांशी नाही. सगळ्यात मोठा खटका थोरल्या बुश यांच्याशी. १९९० च्या नोव्हेंबरात इराकविरुद्ध बळ वापरायला संयुक्त राष्ट्रांची परवानगी मिळवण्यासाठी बुश धडपडत होते. कार्टर यांनी सुरक्षा परिषदेच्या सदस्य देशांच्या प्रमुखांना पत्रं पाठवून त्याला पाठिंबा न देण्याचं आवाहन केलं. मतभेद असणं वेगळं आणि आपल्याच सरकारच्या विरोधात परक्यांना पत्रं लिहिणं वेगळं. हे त्यांचं वागणं त्यांच्या चाहत्यांनाही पटवून देता येत नाही.

अपवाद जेराल्ड फोर्ड, ज्यांना कार्टर यांनीच १९७६ मध्ये हरवलं होतं. १९८१ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांच्या अंत्यविधीला दोघं एकाच विमानानं गेले, परतीच्या प्रवासात गट्टी जमली ती कायमची. आपल्यातला जो मागे राहील त्यानं दुसऱ्याच्या अंत्यविधीत बोलायचं, असं ठरलं. २००७ मध्ये कार्टर फोर्ड यांच्याबद्दल बोलले. फोर्ड यांनी कार्टर यांच्यासाठी लिहून ठेवलेलं भाषण जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या मुलानं वाचून दाखवलं.

नोबेल कॅम्प डेव्हिडसाठी मिळालं की नंतरच्या कामासाठी?

२००२चं शांतता पारितोषिक अनेक दशकांच्या प्रयत्नांसाठी होतं : संघर्ष शांततेनं सोडवणं, लोकशाही, मानवी हक्क, विकास. कॅम्प डेव्हिडचं नोबेल १९७८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि सादात यांना मिळालं. कार्टर यांचं नाव मुदतीत सुचवलंच गेलं नव्हतं. २००२ मध्ये इराकवरच्या हल्ल्याची तयारी चालू होती आणि समितीच्या अध्यक्षांनी ही निवड म्हणजे अमेरिकी सरकारच्या धोरणावरची टीका समजा, असं उघड सांगून टाकलं.

पॅलेस्टाइनवरच्या पुस्तकाचा वाद काय होता?

२००६ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदासाठी वापरला जाणारा 'अपार्थाइड' हा शब्द होता. इस्रायलच्या समर्थकांनी तो अन्याय मानला आणि कार्टर सेंटरच्या सल्लागार मंडळातल्या १४ जणांनी राजीनामे दिले. कार्टर यांनी नाव बदललं नाही.

घरी कसे राहायचे?

प्लेन्स हे सहाशेच्या आसपास वस्तीचं गाव. तिथे १९६१ मध्ये बांधलेलं दोन बेडरूमचं घर. २०१८ मध्ये त्याची किंमत १ लाख ६७ हजार डॉलर होती. बाहेर उभ्या असलेल्या सीक्रेट सर्व्हिसच्या चिलखती गाड्या त्याहून महाग. आपल्या शेतातली दहा एकर जमीन त्यांनी सौरऊर्जेला दिली आणि २०१७ पासून गावाची निम्म्याहून जास्त वीज तिथून येऊ लागली.

रविवारी गावातल्या मारानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये ते बायबलचा वर्ग घेत. पहाटेपासून परगावचे लोक रांगेत. प्रार्थना संपेपर्यंत थांबलात तरच फोटो मिळायचा. हा वर्ग त्यांनी ९५व्या वर्षापर्यंत घेतला. स्त्रियांना धर्मोपदेशक होऊ देत नाही म्हणून सदर्न बॅप्टिस्ट या आपल्या मूळ संप्रदायाशी मात्र त्यांनी २००० मध्ये फारकत घेतली.

रोझलिन यांचा वाटा किती?

अर्धा, असं कार्टरच म्हणायचे. लग्न १९४६ मधलं, ७७ वर्षं टिकलं. मानसिक आजारांवरची लाज कमी करणं हा रोझलिन यांचा स्वतःचा विषय होता आणि तो त्यांनी नवऱ्याच्या सावलीत न राहता चालवला. दोघांनी मिळून १९८७ मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्यात इतकी भांडणं झाली की पुन्हा कधी एकत्र लिहायचं नाही असं ठरलं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, ९६व्या वर्षी त्या गेल्या.

शेवटचं आजारपण कसं होतं?

ऑगस्ट २०१५ मध्ये त्वचेचा कर्करोग यकृतात आणि मेंदूत पसरल्याचं त्यांनी स्वतः पत्रकार परिषद घेऊन सांगितलं. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि प्रतिकारशक्ती जागी करणारं तेव्हाचं नवं औषध यांमुळे डिसेंबरपर्यंत कर्करोग दिसेनासा झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी रुग्णालयाच्या फेऱ्या थांबवून घरीच उपशामक सेवा घ्यायचं ठरवलं. लोकांना वाटलं आता काही दिवस. ते आणखी जवळपास दोन वर्षं होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरी झाल्यावर टपालानं मतदानही केलं. ९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला आणि तेव्हाचे पाचही हयात आजी-माजी अध्यक्ष एका ठिकाणी बसलेले दिसले. दफन प्लेन्सला, घराच्या आवारात, रोझलिन यांच्या शेजारी.

प्लेन्सला जाऊन काय बघता येतं?

राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात कार्टर शिकले ती शाळा आहे, तिथे आता संग्रहालय आहे. जुनं रेल्वे स्टेशन, जिथे १९७६चं प्रचार कार्यालय होतं, तेही बघता येतं. लहानपणीचं शेतघर गावाबाहेर आहे. राहतं घरही त्यांनी उद्यान सेवेलाच देऊन ठेवलं होतं. रस्त्याकडेला दात दाखवून हसणारा तेरा फुटी शेंगदाण्याचा पुतळा आहे, तो प्रचाराच्या काळातला. जवळचा मोठा विमानतळ अटलांटाचा. तिथून गाडीनं अडीच ते तीन तास लागतात. घर आणि समाधीच्या जागेच्या वेळा निघण्याआधी उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर बघून घ्या.